अमेरिकेच्या व्हिसाचे फोटो आणि नवी पेठेतील एक जुना स्टुडिओ

भावाने आई-बाबांसाठी केलेला अमेरिकेच्या इमिग्रंट, म्हणजे कायम वास्तव्याच्या, व्हिसाचा अर्ज मुंबईच्या कॉन्सुलेटमधील मुलाखतीपर्यंत पोहोचला, तेव्हा कागदपत्रांपेक्षा अधिक त्रास फोटोंनी दिला. घराजवळच्या एका स्टुडिओने सवयीप्रमाणे ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो काढले, संगणकावर बाबांच्या कपाळावरच्या सुरकुत्या पुसल्या, आईचा रंग उजळवला आणि मागची निळी पार्श्वभूमी कापून पांढरी केली. केसांच्या कडा तर कात्रीने कातरल्यासारख्या दिसत होत्या. फोटो देखणे होते, पण माप चुकलेले आणि डिजिटल फेरफार केलेले असल्याने व्हिसासाठी निरुपयोगी होते.

त्यानंतर आम्ही सोलापूरच्या नवी पेठेतील ज्या जुन्या स्टुडिओत गेलो, तेथील काकांनी कॅमेऱ्याला हात लावण्याआधी फोटो कोणत्या देशासाठी हवा आहे, हे विचारले, आणि तेथेच माझा निम्मा विश्वास बसला. अमेरिकेसाठी २ बाय २ इंचांचा चौकोनी फोटो लागतो, त्यात हनुवटीपासून डोक्याच्या वरच्या टोकापर्यंतचे अंतर २५ ते ३५ मिलिमीटर असावे लागते आणि पार्श्वभूमी पांढरी किंवा किंचित पांढरट लागते, हे त्यांना तोंडपाठ होते. तरीही छापील प्रत हाती आल्यावर त्यांनी पट्टी लावून माप तपासले. बाबा शुभ्र सदरा आणि टोपी घालून आले होते. पांढऱ्या पडद्यावर पांढरा सदरा मिसळून जाईल म्हणून काकांनी त्यांना गडद शर्ट घालायला लावला, टोपी उतरवली आणि २०१६ च्या नोव्हेंबरपासून व्हिसाच्या फोटोत चष्मा चालत नसल्याने तोही बाजूला ठेवायला सांगितले. चष्म्याविना बाबा मला क्षणभर परके वाटले, ही गोष्ट वेगळी. पडद्यावर सावली पडू नये म्हणून दोघांनाही पडद्यापासून चार पावले पुढे बसवले आणि सोलापूरच्या उन्हात चकाकणारे कपाळ संगणकावर पुसण्याऐवजी फोटो काढण्याआधीच रुमालाने टिपले. सुरकुत्या राहिल्या, आईच्या गालावरचा तीळही राहिला. आईला ते फारसे रुचले नाही.

त्याच फेरीत मी माझ्या व्हिजिटर व्हिसाच्या ऑनलाइन अर्जासाठीही फोटो काढून घेतला. त्याची फाइल जेपीईजी स्वरूपात, चौकोनी, ६०० ते १२०० पिक्सेल बाजूची आणि २४० केबीच्या आत हवी असते, आणि येथे मात्र स्टुडिओ कमी पडला. स्टुडिओतल्या मुलाने ती व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखी पाठवली, त्यामुळे ती आक्रसून पुसट झाली. नंतर डॉक्युमेंट म्हणून पुन्हा पाठवायला सांगावी लागली. स्टुडिओ वरच्या मजल्यावर असून जिना अरुंद आहे आणि लिफ्ट नाही, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी सोबत कोणी असेल तरच जावे. संध्याकाळी कॉलेजच्या ओळखपत्रांसाठी मुलांची झुंबड उडते, म्हणून सकाळी दुकान उघडताच जाणे सोयीचे.

४ बाय ६ इंचांच्या एका कागदावर सहा प्रती बसतात, त्यामुळे आई-बाबांच्या प्रत्येकी सहा-सहा प्रती मिळाल्या. मुलाखतीला माणशी दोनच लागतात आणि फोटो गेल्या सहा महिन्यांतला असावा लागतो, म्हणून मुलाखतीची तारीख पुढे गेली तर हा जिना पुन्हा चढावा लागेल.