लॅटिन भाषांतराचं ॲप, आठ महिन्यांनंतर: एका ‘बनाना’पायी

महिन्याला १९९ रुपये, आठ महिने, म्हणजे १,५९२ रुपये. वाया गेलेले हजार स्टिकर वेगळे. असली ॲपं काय काय देतात हे तुम्हाला सांगायला नको, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

आमचे केळीचे मळे रावेर तालुक्यात. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून आपल्या खोक्यावर काहीतरी वेगळं हवं असं घरात चाललं होतं. पुतण्या म्हणाला, “काका, लॅटिन टाकू. बाहेर जाणाऱ्या मालावर शोभतं.” ॲपमध्ये ‘बेस्ट बनाना’ टाकलं, ‘मूसा ऑप्टिमुस’ आलं. छापून घेतलं. वनस्पतिशास्त्राचे एक प्राध्यापक मळ्यावर आले होते, त्यांनी खोका हातात घेतला आणि शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं. मूसा स्त्रीलिंगी, तेव्हा ऑप्टिमा हवं. ‘चांगला केळ’ असं छापल्यासारखं झालं होतं.

ॲपवाल्यांना तीनदा लिहिलं. तिन्ही वेळा अभिप्रायाबद्दल आभार, तेही शब्दन् शब्द तेच. पैसे परत नाहीत.

पण लिंगाची चूक मी एक वेळ सोडून देईन. मला सलतंय ते हे, की शब्दाखाली एक ओळ नाही. शब्द कोणत्या काळचा, कोणी वापरला, त्याचा आणखी काय अर्थ होतो, काही नाही. जुन्या रोमन माणसाला ‘मूसा’ म्हटलं तर त्याच्या डोळ्यांपुढे केळं येणार नाही, काव्याची आणि कलांची देवता येईल. केळीचं ‘मूसा’ अरबी ‘मौझ’वरून आलेलं, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनं १७५३ साली ‘मूसा पॅराडिसियाका’ या शास्त्रीय नावात ते पक्कं केलं. एवढी एक ओळ द्यायला किती जागा लागते?

इथपर्यंतचं महिन्यापूर्वी लिहून ठेवलं होतं. आता थोडं बदलतो, कारण सगळा दोष ॲपचा नाही. आईला हे सगळं सांगत होतो, तर तिनं सरळ विचारलं, “तुले काय पाह्यजे, झाड का घड?” मी गप्प झालो. आपण ‘ती केळ’ म्हणतो ती बागेतली, ‘ते केळं’ म्हणतो ते हातातलं. लॅटिनमध्येही कितीतरी फळांचं असंच आहे: सफरचंदाचं झाड ‘मालुस’, स्त्रीलिंगी, फळ ‘मालुम’, नपुंसकलिंगी. आपल्या केळ-केळ्यासारखंच. इंग्रजी ‘बनाना’ दोन्हींना एकच, आणि मी तोच शब्द टाकून विचारत बसलो होतो. मराठीतून आधी नीट ठरवलं असतं तर प्रश्न तरी धड विचारला गेला असता.

मग दुसरा रस्ता धरला. लुइस आणि शॉर्ट यांचा १८७९ चा लॅटिन-इंग्रजी कोश इंटरनेटवर फुकट आहे. ॲपनं दिलेला लॅटिन शब्द त्यात उलटा शोधायचा. वेळ लागतो, पण शब्द कोणाच्या लिखाणात आलाय ते कळतं. त्यातूनच प्लिनीपर्यंत पोचलो. इसवी सन ७९ मध्ये वारलेला हा रोमन माणूस आपल्या ग्रंथाच्या बाराव्या भागात भारतातल्या एका झाडाबद्दल लिहितो: तिथले ज्ञानी लोक त्याच्या फळावर राहतात, पान पक्ष्याच्या पंखासारखं, तीन हात लांब आणि दोन हात रुंद. झाडाचं नाव ‘पाला’, फळाचं ‘आरिएना’. झाडाला एक, फळाला एक! (आपला ‘पाला’ आणि तो ‘पाला’ कानाला सारखे लागतात म्हणून नातं जोडायचं नाही.) लिनियसनं १७५९ साली केळीच्या दुसऱ्या एका नावात ‘सापिएंटुम’, म्हणजे ज्ञानी लोकांची, असं घातलं, ते याच वर्णनावरून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत गेलो. ग्रँड नैन या जातीच्या केळीचं एक न फाटलेलं पान पाहून कोपरापासून बोटांपर्यंतच्या हातानं मोजलं. लांबी साडेचार हात भरली, रुंदी जेमतेम दीड. हाताला चीक लागला तो दोन दिवस गेला नाही. पंखाची उपमा मात्र अगदी खरी, मधल्या दांड्यातून दोन्हीकडे शिरा तशाच जातात. प्लिनी म्हणतो, एका फळात चौघांचं पोट भरतं. तो केळ्याबद्दल बोलतोय का फणसाबद्दल, यावर जाणकारांत मतभेद आहेत. मला वाटतं, एका फणीबद्दल म्हणाला असता तर लगेच पटलं असतं.

ॲपला सुरुवातीला चार तारे दिले होते, आता दोन. बागेत रेंज नसताना चालतं आणि विभक्तींचे तक्ते चांगले आहेत, त्याचे ते दोन. शब्दाखाली त्याचा काळ आणि लिंग लिहायला लागले तर चार परत देईन, पण १९९ रुपये नाही. सबस्क्रिप्शन बंद केलंय. ‘मूसा ऑप्टिमा’ छापायला टाकलंय, आणि या वेळी छपाईवाल्याकडे प्रूफ बघायला मी स्वतः जाणार आहे.