पन्नास हर्ट्झचा माणूस, साठ हर्ट्झचा टर्नटेबल

मी नागपूरजवळच्या कोराडीच्या वीज केंद्रात कंट्रोल रूममध्ये आहे. बावीस वर्षं झाली. ड्यूटीवर माझी नजर सर्वांत जास्त वेळा जाते ती फ्रिक्वेन्सीच्या आकड्याकडे, म्हणजे विजेची लहर सेकंदाला किती आवर्तनं घेते त्याकडे. ग्रिड ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात आहे की नाही, हे पाहणं आता श्वास घेण्यासारखं झालंय. आमचं टर्बाइन मिनिटाला ३,००० फेरेच का घेतं, हे मला अर्ध्या रात्री उठवून विचारा, डोळे न उघडता सांगेन. ही फुशारकी नाही. मी ज्यात फसलो, ती गोष्ट नेमकी हीच होती. दुसऱ्या कशात फसलो असतो तर इतकं लागलं नसतं.

बाबांच्या साठेक एलपी आमच्या दिवाणाच्या पेटीत पडून होत्या. त्यांचा प्लेअर नव्वदच्या दशकात भंगारवाल्याच्या ठेल्यावर गेला. तेव्हा घरात कुणालाच त्याचं काही वाटलं नव्हतं. बाबा गेल्यावर मात्र त्या रेकॉर्डी काढून पुसायचा मला नाद लागला. मग वाटलं, जुना, थोडा खराब झालेला टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, घ्यावा आणि घरीच हळूहळू नीट करावा. रिटायर व्हायला वेळ आहे, पण हात आत्तापासून कामाला लावलेले बरे.

या बाजारातली एक लबाडी मला ठाऊक होती. पितळी कर्ण्याचे, ओळखीचा कुत्रा चिकटवलेले जे चकचकीत 'अँटिक' ग्रामोफोन विकले जातात, त्यातले कितीतरी आत्ताआत्ता जुळवलेले असतात. पेटी नवी, कर्णा नवा, आतलं यंत्र कुठलंतरी. तसले तीन मी नाकारले आणि त्याचा मला अभिमान होता. एका ठिकाणी शहाणपणा दाखवला की माणूस दुसऱ्या ठिकाणी जरा सैल सुटतो.

ऑनलाइन जाहिरातीत पायोनियरचा पीएल-१२डी दिसला. सत्तरच्या दशकातला जपानी, बेल्टवर चालणारा, लाकडी प्लिंथ म्हणजे खालची बैठक, आणि सुई धरणारा, इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला टोनआर्म. किंमत २२,०००. विकणारा नागपूरच्या महाल भागातल्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर राहत होता. फेब्रुवारीतल्या एका रविवारी गेलो. तिशीतला पोरगा, बोलायला गोड. चहा सांगितला, खुर्ची पुसून दिली.

"दादा, मशीन अमेरिकेहून आलेली आहे, ११० व्होल्टवाली. मी लपवून नाही राहिलो काही. हा ट्रान्सफॉर्मर सोबत देतो, त्याचे पैसे नाही घेत तुमच्याकडून."

इथेच मी पडलो. कुणी आपणहून दोष सांगितला की आपल्याला तो माणूस सरळ वाटतो. त्याने व्होल्ट सांगितले आणि हर्ट्झ गिळले. २३० चे ११० करणारा डबा व्होल्ट कमी करतो. फ्रिक्वेन्सीला तो हात लावत नाही, आत ५० असेल तर बाहेरही ५०. हे मी शिकाऊ पोरांना शिकवतो. पण त्या खुर्चीवर बसलो होतो तेव्हा मी कंट्रोल रूममधला माणूस नव्हतोच. दिवाणातल्या रेकॉर्डी ऐकायला निघालेला कुणाचातरी पोरगा होतो.

मग त्याने रेकॉर्ड लावून दाखवली. सिनेमातलं गाणं, ढोलकी, टाळ्या, जोरकस ताल. आवाजही मोठा ठेवला. मला झकास वाटलं. आता कळतं की निवड मुद्दाम होती. प्लेअरचा वेग हलत असेल तर तो ठेक्यात सापडत नाही, लांबलेल्या सुरात सापडतो. तानपुरा, शहनाई, ऑर्गन यांपैकी काहीही असतं तर मिनिटभरात कळलं असतं. माझ्या पिशवीत बाबांची ख्यालाची एलपी होती. काढली नाही. त्याच्या जुन्या सुईने ओरखडा पडेल, ही भीती! मशीन घ्यायला निघालेल्या माणसाला मशीनचीच भीती, आता काय बोलावं.

खाली वाकून मशीनची माहिती छापलेली मागची पाटीही पाहिली, हे कबूल करायला हवं. तिथे एक पिवळं स्टिकर होतं, 'सर्व्हिस झालेला' असं लिहिलेलं, बरोबर पाटीवर चिकटवलेलं. मी म्हटलं, खाली काय आहे? "कंपनीचं नाव दादा, आणखी काय राहते?" घासाघीस करून १८,५०० ला ठरलं. क्यूआर कोडवर भलत्याच कुणाचं नाव आलं. म्हणाला, मेव्हण्याचं खातं आहे. पैसे पाठवले. पावती मागायची लाज वाटली.

पुढचे दोन महिने मात्र मजेत गेले, ते खोटं कशाला सांगू. प्लॅटर, म्हणजे रेकॉर्ड ठेवायची फिरती तबकडी, उचलून बेअरिंग काढलं, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, सुकलेलं तेल चिकट गुळासारखं निघालं. प्लिंथचं जुनं पॉलिश खरवडून लाखेचं पॉलिश दिलं, दर रविवारी एक हात. सुई जिथे बसते त्या हेडशेलच्या चार बारीक तारांची टोकं साफ केली. सुई नवी बसवली, भार दोन ग्रॅमवर आणला. मोटरच्या ज्या पुलीवरून बेल्ट फिरतो, तिच्यावर काळं काहीतरी दिसलं होतं. रबराचं कव्हर असेल असं समजून सोडून दिलं. ख्यालाची एलपी लावली तेव्हा तानपुरा जरा पोहत होता, म्हणजे त्याचा सूर एका जागी ठरत नव्हता. रेकॉर्ड वाकली असेल, असं मीच ठरवलं. बाबांची रेकॉर्ड, इतकी वर्षं दिवाणात होती, वाकणारच.

मेमध्ये पारा ४५ वर गेला. दुपारी कूलर लावून बसलो होतो, तीच एलपी सुरू होती. बायको स्वयंपाकघरातून आली आणि दारात थांबली. ती लग्नाआधी सहा वर्षं गाणं शिकलेली आहे.

"अहो, हे आज इतके खाली काऊन गाऊन राहिले?"

मी म्हटलं, तुला भास होतोय. ती काही न बोलता आत गेली, पेटी काढली, भाता हलवला, एक पट्टी दाबली. काळी पाच, म्हणजे पाचवी काळी पट्टी, खालची. जुळली. मग म्हणाली, "हे तर काळी एकमध्ये गातात." काळी एकवरून काळी पाच म्हणजे तीन स्वरांच्या जागा खाली. गवयाचा घसा एका दुपारीत इतका उतरत नाही.

प्लॅटर उचलला. पुलीवरचं ते 'रबर' उलगडून खाली पडलं होतं आणि बेल्टला काळा डिंक लागला होता. साधी इन्सुलेशन टेप, तीन पदर. पुली इतकी बारीक असते की तीन पदरांत तिचा घेर पाचव्या हिश्शाने वाढतो. तेवढाच त्या विकणाऱ्याला वाढवायचा होता. उन्हाने डिंक वितळला आणि सोंग उतरलं.

मग प्लॅटरवर कागदाचा तुकडा चिकटवला, मोबाइलवर तीन मिनिटं लावली आणि मोजलं. ३३⅓ च्या वेगाने तीन मिनिटांत बरोबर १०० फेरे व्हायला हवेत. झाले त्र्याऐंशी. हिशेब डोक्यात आपोआप झाला: शंभर गुणिले पन्नास भागिले साठ. हा प्लेअर सिंक्रोनस मोटरवर चालतो, आणि ती मोटर व्होल्टचं नाही, फ्रिक्वेन्सीचं ऐकते. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालणार. याच मशीनला ५० हर्ट्झची वेगळी, जरा जाड पुली लागते, आणि त्या पोराला ते पुरतं ठाऊक होतं. ठाऊक नसतं तर त्याने टेप मोजून तीन पदर गुंडाळली नसती.

खोबरेल तेल लावून स्टिकर सोडवलं. खाली स्पष्ट छापलेलं होतं: १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. मी बराच वेळ तिथेच खाली बसून राहिलो. मोटरला हात लावला तर चटका बसण्याइतकी गरम. ६० च्या मोटरला ५० वर चालवलं की ती तापतेच, तेही मी शिकवतो.

आता जे सांगतो ते घरी अजून सगळ्यांना माहीत नाही. मी त्या विकणाऱ्याला फोन केला. तो भांडला नाही, उलट हळहळला. "अरे बापा, हो का? मलाच समोरच्याने असं दिलं दादा. पण काही टेन्शन नाही, मुंबईला माझा माणूस आहे, पन्नासवाली ओरिजिनल पुली देते तो. चार हजार पाठवा, आठ दिवसांत घरी."

पाठवले. टेपचे ते तीन पदर डोळ्यांनी पाहिल्यावर, त्याच माणसाला! पहिले पैसे हौसेपायी गेले, ते समजू शकतं. दुसरे गेले कारण मला आपण फसलोच नाही असं हवं होतं. पुली आली असती तर सगळी गोष्ट 'थोडी दुरुस्ती लागली' एवढ्यावर मिटली असती, बायकोला सांगायलाही बरं. तो माझी हीच गरज ओळखून बोलत होता. आठ दिवसांनी फोन बंद. महालातली खोली भाड्याची होती, घरमालकालाही दोन महिन्यांचं येणं होतं.

सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर फोन केला, पण तोवर दहा दिवस उलटले होते. तिथे लगेच, पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसे खात्यात अडकवता येण्याची आशा जास्त असते. पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. तिथले हवालदार भले माणूस, म्हणाले, "साहेब, आता चारशे वीस नाही म्हणायचं, तीनशे अठरा म्हणायचं." भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, ते खरंच. पुढचा प्रश्न पावतीचा होता. पावती नव्हती, चॅटिंगही त्याने उडवलेलं, आणि मशीन तर 'चालू' स्थितीत मीच तपासून घेतलेली. क्यूआरवरचा 'मेव्हणा' तेवढा हाती आहे. तपास सुरू आहे असं सांगतात.

तुम्ही घेणार असाल तर मागच्या पाटीचा फोटो आधी मागवा, हर्ट्झचा आकडा वाचता येईल असा. पाटी झाकलेली असेल तर तिथूनच परत फिरा. तानपुऱ्याची रेकॉर्ड सोबत न्या, पडला ओरखडा तर पडू द्या. तीन मिनिटं फेरे मोजा. प्लॅटरवर मोबाइल ठेवून वेग सांगणारी ॲपही आहेत, पण कागदाचा तुकडा खोटं बोलत नाही आणि विकणाऱ्याचं तोंड पाहायला तुम्ही मोकळे राहता. आणि प्लॅटर उचलून पुली पाहाच. जो उचलू देत नाही, त्याच्याकडचा चहासुद्धा घेऊ नका.

प्लेअर मी फेकला नाही. हिंगणा एमआयडीसीत एका लेथवाल्याकडून पितळेची पुली करून घेतली. पहिली किंचित तिरकी निघाली, तानपुरा पुन्हा पोहायला लागला. दुसरी जमली. दोन्ही मिळून ९०० रुपये. चार हजारांची 'ओरिजिनल' नऊशेत झाली म्हणायची. साडेनव्याण्णव फेरे येतात. अर्धा फेरा बेल्ट नवा आल्यावर पाहू. पेटीवर तपासलं, काळी एकला लागते. बायको म्हणते अजून बालभर कमी आहे, आणि तिचं खरं असणार.

मागच्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली. नाव वेगळं, नंबर वेगळा, किंमत आता २४,०००. मी पाटीचा फोटो मागितला तर त्याने मला ब्लॉक केलं. तुम्हाला दिसली तर दुसरा फोटो मोठा करून पाहा: प्लिंथच्या डाव्या कोपऱ्यात नखाएवढा टवका उडालेला आहे. त्या टवक्यावर मी लाखेचे चार हात दिलेत. तो प्लेअर माझ्या बैठकीत आहे.