चाळिशीनंतर वाचलेल्या साहसकादंबऱ्या : आठ महिन्यांचा अनुभव

लातूरच्या बाजारात एका आडतीवर मी गेली एकोणीस वर्षे हिशेब लिहितो. शाळेच्या वयात साहसकादंबऱ्या वाचायच्या राहून गेल्या, कारण गावात वाचनालय नव्हते आणि घरात पंचांगाखेरीज पुस्तक नव्हते. गेल्या जूनमध्ये आवक मंदावली आणि दुपारी हात मोकळे राहू लागले, तेव्हा वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी मी ‘रॉबिन्सन क्रूसो’ उघडले. त्यानंतर ‘ट्रेझर आयलंड’ आणि ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’ वाचून झाल्या. ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ अजून चालू आहे.

सुरुवातीलाच एक चूक झाली, ती सांगतो. बसस्थानकावर मिळालेली ‘क्रूसो’ची नव्वद पानांची संक्षिप्त मराठी आवृत्ती मी दोन दुपारींत संपवली. जहाज फुटते, वाळूत पाऊल उमटलेले दिसते, फ्रायडे नावाचा सोबती भेटतो, सुटका होते. मनात काहीच उरले नाही. मग प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावरून मूळ इंग्रजी पुस्तक मोबाइलवर फुकट उतरवून घेतले. १७१९ सालच्या त्या इंग्रजीत वाक्ये संपता संपत नाहीत आणि प्रकरणे पाडलेलीच नाहीत, त्यामुळे पहिला महिना शब्दकोश हाताशी ठेवून रोज सात-आठ पानेच होत असत. तरीही सल्ला हाच, की मोठ्या वयात वाचायचे तर संपूर्ण पुस्तकच वाचावे. संक्षिप्त आवृत्तीत कापले जाते ते नेमके आपल्यासाठी लिहिलेले असते.

उदाहरणार्थ, क्रूसो बेटावर अडकल्यावर आपल्या अवस्थेचा जमा-नावे मांडतो. एकीकडे लिहितो की आपण ओसाड बेटावर येऊन पडलो, समोर लिहितो की बरोबरचे सगळे बुडाले आणि आपण मात्र जिवंत आहोत. रोजमेळ लिहिणाऱ्या माणसाला हे वाचताना जे वाटते ते दहा वर्षांच्या मुलाला वाटणार नाही, आणि त्यात त्या मुलाचा दोष नाही.

त्याहून अधिक गुंतलो ते पेरणीच्या प्रसंगात. कोंबड्यांच्या खाद्याची रिकामी झालेली थैली क्रूसो कुंपणालगत झटकतो आणि पावसानंतर तिथे जव व साळ उगवलेली पाहून त्याला देवाचा चमत्कार वाटतो. थैली आपणच झटकली होती हे मागाहून आठवते. ते दाणे तो जपून ठेवतो आणि पुढे पेरायला काढतो. ऐन पेरताना त्याच्या मनात येते की आपल्याला हंगाम ठाऊक नाही, तेव्हा सगळे बी एकदम घालू नये. म्हणून दोन-तृतीयांश पेरून मूठमूठभर मागे ठेवतो. पुढचे महिने कोरडे जातात आणि एक दाणाही वर येत नाही. मागे ठेवलेले बी तो फेब्रुवारीत, पावसाच्या तोंडावर, दुसऱ्या जागी पेरतो. ते चांगले येते, पण एवढ्या खटाटोपातून हाती पडते ते प्रत्येकी जेमतेम साडेचार लिटरच्या मापाचे धान्य.

आमच्याकडे जूनमध्ये एका सरीवर सोयाबीन पेरून नंतर महिनाभर आभाळाकडे बघत बसलेली माणसे घरोघर आहेत. हा प्रसंग मी वडिलांना मराठीत सांगितला. अण्णांनी सुपारी कातरता कातरता पूर्ण ऐकून घेतले आणि म्हणाले, “वापसा न बघता पेरलं म्हणल्यावर असंच होणार की. पर मूठभर मागं ठेवलं, ते बेस केलं.” दुबार पेरणीला बियाणे उसनवार आणावे लागले नाही, एवढेच त्यांनी क्रूसोच्या अठ्ठावीस वर्षांतून उचलले, आणि मला ते पुरेसे वाटले.

स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’ (१८८३) वाचायला सर्वांत सोपी. नवख्याने हिच्यापासूनच सुरुवात करावी. जहाजावरचा पोरगा जिम सफरचंदांच्या पिंपात बसून कट ऐकतो तो प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. मला मात्र त्याच प्रसंगातला एका पायाचा चाचा लाँग जॉन सिल्व्हर लक्षात राहिला. इतर चाचे कमाई दारूत घालवतात, आपण मात्र पैसा थोडा इथे, थोडा तिथे ठेवतो, संशय येऊ नये म्हणून कुठेच फार ठेवत नाही, असे तो एका पोरसवदा खलाशाला समजावतो. असे बोलणारी माणसे बाजारात रोज भेटतात, फक्त त्यांचे दोन्ही पाय शाबूत असतात.

‘अराउंड द वर्ल्ड’ या व्हर्नच्या कादंबरीत मुंबईहून निघालेल्या गाडीच्या ओघात वेरूळ आणि औरंगाबादचा एका वाक्यात उल्लेख येतो, तोही निजामाच्या राज्यातील ठाणे म्हणून. १८७२ सालच्या त्या प्रवासात आपला मुलूख एवढाच, म्हणून ते वाक्य मी तीनदा वाचले. नायक फॉग तर कुठल्याच मुलखाकडे नीट बघत नाही. पुढे रूळ संपतात आणि तो हत्ती विकत घेतो. तो सौदा मात्र फर्मास आहे: मालक नाही म्हणत राहतो, फॉग एक हजारापासून चढत दोन हजार पौंडांवर जातो, आणि सोबतचा इंग्रज अधिकारी मधे पडूनही थांबत नाही. आमच्या कुठल्याही खरेदीदाराने एवढी घाई दाखवली असती तर त्याला परत बाजारात कुणी स्वस्त माल दिला नसता.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. क्रूसो आपल्याबरोबर कैदेतून पळालेल्या झुरी नावाच्या मुलाला साठ नाण्यांना विकतो, गुलाम आणायला निघालेला असतानाच त्याचे जहाज फुटते, आणि फ्रायडेला तो सुरुवातीलाच शिकवतो तो शब्द ‘मालक’. लेखकाला यात काही वावगे वाटलेले दिसत नाही. व्हर्नचा बुंदेलखंडातला सतीचा प्रसंगही दुरून ऐकलेल्या देशाचा वाटतो. मुलांना ही पुस्तके देणार असाल तर ही पाने त्यांच्याबरोबर बसून वाचावीत.

ड्यूमाच्या ‘मॉन्टे क्रिस्टो’ची प्रकरणे ११७ आहेत. तुरुंगाचा भाग मी झोप मोडून वाचला. नुसते प्रश्न विचारून म्हातारा कैदी फारिया नायकाला अडकवणाऱ्या कटातली माणसे शोधून काढतो, ती पाने तर दोनदा. रोमच्या कार्निव्हलपाशी मात्र गाडी अडली आहे. त्यात तुरीची आवक सुरू झाली, त्यामुळे दुपार मोकळी मिळत नाही. अण्णांना त्या सूडकथेत मुळीच रस नाही. क्रूसोने पुढच्या साली किती पेरले, हे त्यांनी दोनदा विचारले आहे.