'इथिओपियन हेअरलूम' कॉफी: वैशाखापासून दिवाळीपर्यंत प्यायल्यानंतर

चवीला पैकीच्या पैकी. तक्रार आहे ती पाकिटावरच्या नावाबद्दल.

रोस्टर, म्हणजे दाणे भाजून विकणारा, एकच; दोन पाकिटं, दोन्हींवर 'इथिओपियन हेअरलूम', म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं तिथलं गावठी वाण. पहिल्यातले दाणे बारीक, गोलसर. कपात लिंबाच्या सालीचा, मोगऱ्याचा वास. दुसऱ्यातले मोठे, लांबट, चव जांभळाची. पहिलं वॉश्ड (गर धुऊन काढून वाळवलेलं), दुसरं नॅचरल (अख्ख्या फळासकट वाळवलेलं), त्यामुळे चवीत फरक पडणारच. पण दाण्याची ठेवण थोडीच बदलते? विचारलं तर उत्तर आलं, "सर, दोन्ही हेअरलूमच!"

म्हापशाच्या बाजारात मानकुराद आणि मुसराद वेगवेगळे मागून घेणारे आपण. नुसता 'गावठी आंबा' म्हणून कोणी मानकुरादचा भाव लावला तर देऊ का?

बरं, इथिओपियात नावांचा दुष्काळ आहे असंही नाही. येर्गाचेफेच्या बाजूला शेतकरी कुरुमे, देगा, वोलिशो अशी नावं घेतात. कुरुमे बारीक दाण्याची. शिवाय १९७१ मध्ये इथिओपियात कॉफीच्या फळांवर बुरशीचा रोग आला, तेव्हा जिम्माच्या संशोधन केंद्राने त्याला दाद न देणारी झाडं हेरून त्यांची रोपं वाटली. ७४११०, ७४११२ ही त्यांतलीच. पहिले दोन आकडे निवडीच्या सालाचे, १९७४ चे. हीसुद्धा सर्रास 'हेअरलूम' म्हणूनच विकली जातात.

या बाबतीत घाटावरचे आपले शेजारी बरे. चिकमगळूरचा मळेवाला सरळ 'सेव्हन नाइन्टी फाइव्ह' म्हणतो. एस. ७९५ म्हणजे एस. २८८ आणि केंट या दोन वाणांचा संकर, १९४० च्या दशकातला. एस. २८८ मध्ये लायबेरिका या कॉफीच्या वेगळ्या प्रजातीचा अंश आहे, हेसुद्धा तिथे कोणी लपवत नाही.

वापराचं सांगायचं तर, लाइट रोस्ट असल्यामुळे हँड ग्राइंडरवर हात भरून येतो. बारीक दाण्यांची भुकटी फार पडते, फिल्टर तुंबतो. दळण थोडं जाडसर ठेवा. दूध घालू नका, सगळा वास मरतो. आणि आषाढातल्या फोंड्याच्या हवेत ते झिपचं पाकीट कुचकामी. आणल्या दिवशीच घट्ट झाकणाच्या बरणीत ओता.

पुन्हा घेईन का? वाणाचं नाव किंवा क्रमांक छापलेला असेल तरच. सकाळच्या दुधाच्या कॉफीला घरात ७९५ आहेच.