लेतोव्ह ऐकायचा तर १९८८चा की २००४ नंतरचा?

येगोर लेतोव्ह हा सोव्हिएत काळातला रशियन पंक-रॉक गायक ऐकायचं ठरवलंत आणि सुरुवात कुठून करू असं विचारलंत, तर बहुतेक जण डोळे झाकून १९८८-८९ सांगतात. त्याच्या ‘ग्राझ्दान्स्काया ओबोरोना’ या बँडचा खरा काळ तोच, नंतर गडी वाहवत गेला, असं त्यांचं म्हणणं. मी उलटं केलं: २००४ ते २००७मधले नवे अल्बम आधी ऐकले आणि जुन्याकडे नंतर वळलो.

जुन्याच्या बाजूने बोलण्यासारखं पुष्कळ आहे. केजीबीचा ससेमिरा लागला आणि १९८५च्या डिसेंबरात त्याला मनोरुग्णालयात डांबलं. सुटला तो पुढच्या वसंतात. मग १९८७च्या उन्हाळ्यात, सायबेरियातल्या ओम्स्क या आपल्या गावी, सगळी वाद्यं जवळपास एकट्याने वाजवत आणि टेपवर थर चढवत त्याने पाच अल्बम उरकले. ना कंपनी, ना परवानगी. एका कॅसेटवरून दुसऱ्या कॅसेटवर उतरवत ती गाणी देशभर फिरली. हा दरारा फुकटचा नाही.

पण मला आडवा आला तो आवाज. फझ गिटार (मुद्दाम फाटका, खरखरीत केलेला गिटारचा सूर) आणि झांजा एकमेकींत इतक्या मिसळलेल्या, की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखं होतं. हेडफोन लावून तीन-चार गाणी झाली की कान बधिर. आवाज कमी केला तर गाणं मरतं, वाढवला तर कानशिलं ठणकतात. माझं रशियन कामापुरतं. शब्द समोर छापून ठेवले तरी आपण कुठल्या ओळीवर आहोत ते कळेना. पंक असंच असतं, आणि त्याला ते तसंच हवं होतं, हेही मान्य. तरी लेतोव्हचे शब्द निसटले की फार मोलाचं काही निसटतं. ‘व्स्यो इद्योत पो प्लानू’ (सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय) हे त्याचं सर्वांत गाजलेलं गाणं एका सामान्य सोव्हिएत माणसाच्या तोंडी आहे, लेतोव्हने त्याचं सोंग घेतलंय. सोंग लक्षात आलं नाही तर हातात उरतो एक सोपा घोष, आणि तो कुठल्याही बाजूच्या सभेत ठोकून देता येतो.

२००४च्या ‘दोल्गाया श्चास्त्लिवाया झिझ्न’ (दीर्घ सुखी आयुष्य) या अल्बममध्ये गिटारचा गोंगाट आहेच, पण गळा त्याच्या वर तरंगतो. शीर्षकगीतात तो धक्क्यांना नाही म्हणतो, क्षितिजांना नाही म्हणतो, सणांना नाही म्हणतो आणि मग प्रत्येकाला दीर्घ सुखी आयुष्य बहाल करतो. माझ्यासारख्याला हे पहिल्या झटक्यात कळलं. उपरोध इतका थंड, की जुन्या आरडाओरड्यापेक्षा तो मला जास्त लागला. २००७चा शेवटचा अल्बम ‘झाचेम स्न्यात्स्या स्नी’ (स्वप्नं का पडतात) तर चक्क उजळ आहे. पुढच्याच फेब्रुवारीत तो ४३व्या वर्षी गेला.

मधल्या काळाचं काय? १९९४च्या सुमारास लेखक लिमोनोव्ह आणि विचारवंत दुगीन यांच्या, कडवा राष्ट्रवाद आणि साम्यवाद एकत्र करणाऱ्या राष्ट्रीय बोल्शेविक पक्षात तो अगदी सुरुवातीपासून होता. सोव्हिएत सत्तेने ज्याला वेड्यात काढलं, तोच लाल झेंड्याखाली उभा. आज दुगीनचं नाव युक्रेनवरच्या युद्धाचा कट्टर समर्थक म्हणून घेतलं जातं, ते पाहता हा डाग झाकता येत नाही, आणि कुणी झाकूही नये. २००४च्या फेब्रुवारीत त्याने राष्ट्रवाद्यांसकट सगळ्या राजकीय गटांशी नातं तोडल्याचं जाहीर केलं. ते कितपत खरं मानायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. मला त्यानंतरची गाणी त्या जाहीरनाम्यापेक्षा बोलकी वाटतात. १९९७च्या अल्बमांचा आवाज बहुधा त्यालाही खुपत असावा, कारण २००५मध्ये त्याने ते नव्याने मिसळून वेगळ्या नावांनी काढले. म्हणजे कानाची तक्रार माझी एकट्याची नव्हती तर!

ओम्स्कला मात्र अजून त्याचं काय करावं ते उमगलेलं नाही. २०१८मध्ये विमानतळाला त्याचं नाव द्यावं म्हणून चाहत्यांनी जोर लावला. नाव लागलं दुसऱ्या महायुद्धातले सोव्हिएत जनरल कार्बिशेव्ह यांचं.

तुमचं रशियन पक्कं असेल किंवा ऐंशीच्या दशकातला सोव्हिएत संताप जसाच्या तसा हवा असेल, तर १९८८ घ्या, मी अडवणार नाही. शब्दांसाठी येत असाल तर २००४ लावा. जुन्याकडे जाल तेव्हाही त्याने स्वतः डागडुजी करून पुन्हा काढलेल्या प्रतीच शोधा, आणि शक्यतो हेडफोन नको, स्पीकरवर ऐका.