एअरसॉफ्ट गनला कुठलं मॅगझिन? केळीच्या बागेतला आठ महिन्यांचा अनुभव

एअरसॉफ्ट म्हणजे प्लॅस्टिकचे बारीक छर्रे मारणाऱ्या बंदुकांनी खेळायचा लुटुपुटुच्या लढाईचा खेळ. ऑक्टोबरात एम-फोर या लष्करी रायफलच्या नमुन्याची इलेक्ट्रिक गन घेतली, तेव्हा सोबत एकच मॅगझिन, म्हणजे छर्रे भरायचा डबा, आलं होतं, ३०० छर्ऱ्यांचं हाय-कॅप (जास्त छर्रे मावणारं). आता ते कपाटात पडून आहे आणि मी १२० छर्ऱ्यांची चार मिड-कॅप (मध्यम क्षमतेची) वापरतो. नुसता आकडा बघून मॅगझिन घेणारे आमच्यात अजूनही बरेच आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय.

आम्ही चोपडा तालुक्यात मामांच्या वावरात खेळतो, घड उतरून झालेल्या केळीच्या बागेत. तिथे पाच-सहा पावलांपलीकडचं दिसत नाही. समोरचा कुठे आहे हे कानांनीच शोधायचं. हाय-कॅपमध्ये छर्रे डब्यात सुटे पडलेले असतात. तळाचं चाक फिरवून चावी भरली की आतलं दातेरी चक्र त्यांना एकेक करून वर ढकलतं. त्यामुळे चालताना डबा खुळखुळतो, आणि चावी भरताना करकर होते ती वेगळीच. दुसऱ्याच रविवारी जोडीदार कानाशी येऊन म्हणाला, "भो, तुना मॅगझिनना आवाज येस." तो डाव आम्ही त्या आवाजामुळेच हरलो.

मिड-कॅपमध्ये चावी नाही. छर्रे नागमोडी नळीत एकामागे एक बसतात आणि लांब स्प्रिंग त्यांना दाबून धरते. आवाज जवळजवळ नाहीच. भरायला मात्र स्पीडलोडर, म्हणजे छर्रे आत ढकलायचं हातातलं साधन, लागतो, आणि चार मॅगझिन भरेपर्यंत एक चहा होतो. शेवटचे दोन-तीन छर्रे बहुतेक वेळा वर येत नाहीत, मॅगझिन काढलं की खाली सांडतात. हे मी मान्य केलंय. लो-कॅप, म्हणजे कमी छर्रे मावणारं, मित्राचं वापरून बघितलं. ज्यांना मोजून मारायला आवडतं त्यांना ते आवडेल, मला सारखं बदलत बसणं जमलं नाही.

आता आपल्याकडचा खरा मुद्दा, धूळ. काळ्या मातीचा फुफाटा मार्च-एप्रिलमध्ये कुठेही शिरतो. हाय-कॅपच्या वरच्या झाकणातून तो थेट डब्यात जातो, छर्ऱ्यांना चिकटतो आणि चक्र अडकतं. सुरुवातीला मी उपाय म्हणून भरपूर सिलिकॉन तेल सोडलं आणि ती मोठी चूक ठरली. तेलात धूळ कालवून चिखल झाला, शिवाय छर्ऱ्यांवरून तेल हॉप-अपच्या, म्हणजे छर्ऱ्याला उलटी फिरकी देणाऱ्या, रबरापर्यंत गेलं आणि नेम भलतीकडे जायला लागला. आता मॅगझिन आतून कोरडंच ठेवतो. महिन्यातून एकदा स्क्रू काढून कोरड्या ब्रशने साफ करतो. उघडताना अंगठा स्प्रिंगवर हवा आणि चष्मा डोळ्यांवर, कारण ती झटक्यात उसळते.

खाली पडलेले छर्रे पुन्हा भरायचे नाहीत, कितीही स्वच्छ दिसले तरी. मातीचा एक कण गनच्या नळीला ओरखडा पाडायला पुरतो. मी ०.२५ ग्रॅमचे ६ मिलिमीटरचे गुळगुळीत छर्रे वापरतो, स्वस्तातल्या ०.१२ ग्रॅमच्या छर्ऱ्यांवर जोडाची रेघ असायची आणि त्यानेच मॅगझिन कितीदा तरी अडकायचं. वावरात प्लॅस्टिक राहू नये असा मामांचा आग्रह आहे आणि तो मला पटतो, म्हणून आता कुजणारे छर्रे आणतो. ते हवाबंद डब्यातच ठेवा, पावसाळी दमट हवेत फुगू शकतात.

घेताना एकदम चार घेऊ नका. मी घेतले आणि त्यातलं एक आमच्या गनमध्ये सैल बसलं. तोंड हॉप-अपपासून जरा खाली राहायचं, मग दोन फैरींनंतर रिकामाच आवाज. मागच्या बाजूला इलेक्ट्रिकच्या टेपची पट्टी लावली तेव्हा ते चाललं. 'एम-फोरला चालतं' एवढं लिहिलेलं असणं पुरेसं नाही. आधी एकच आणा, पूर्ण भरून शेवटपर्यंत झाडून बघा, मग बाकीचे.

गॅसवाल्या पिस्तुलाचं मॅगझिन हा वेगळा विषय आहे, कारण गॅस त्याच्याच पोटात असतो. जानेवारीच्या सकाळी थंडीने दाब इतका उतरतो की छर्रा जवळच पडतो. मे महिन्यात उलट. मित्राचं भरलेलं मॅगझिन गाडीच्या डिकीत तापलं, तर दाब एवढा वाढला की हॅमरला, म्हणजे झडपेवर आपटणाऱ्या भागाला, झडपच उघडेना. सावलीत तासभर ठेवल्यावर ते सुटलं. उन्हाळ्यात गॅस भरलेलं मॅगझिन उन्हात अजिबात सोडू नका. घरी ठेवताना मात्र थोडा गॅस राहू द्या, म्हणजे आतले रबरी सील जागेवर बसून राहतात.

मिड-कॅपमधले छर्रे मी खेळ संपल्यावर लगेच काढून टाकतो, स्प्रिंग आठवडाभर दाबून राहायला नको. चारपैकी तीन अजून पहिल्यासारखी चालतात. चौथ्याचं तोंड बांधावर पडून किंचित चेपलंय, त्याच्यातून आता फक्त सरावाचे छर्रे झाडतो.