मे महिन्यात समुद्र: गुहागर की दीव?

होळी झाली की सूरसागर तलावाच्या काठावर बसणाऱ्या आमच्या मंडळींत एकच विषय निघतो: यंदा सुटीत कुठे? बडोद्याच्या मराठी घरांपुढे समुद्राचे पर्याय फिरून फिरून दोनच उरतात. कोकण, कारण ते आपलं. दीव, कारण रात्रीच्या बसनं निघालं की सकाळी पोचतो. (दीव म्हटलं की शेजारी गालात हसतात. गुजरातेत दारूबंदी आणि दीवला नाही, तेव्हा मी हवेसाठी गेलो होतो हे कुणालाच पटत नाही.)

मी दोन्हीकडे मे काढलेत. गुहागरला मामेभावाकडे चार वेळा, दीवला तीन वेळा. जेवण, किल्ले, मंदिरं यांची तुलना इथे करत नाही. ते तुम्हाला ठाऊक आहे. प्रश्न फक्त हवेचा.

मार्चअखेरीस हवामान खातं एप्रिल ते जूनचा अंदाज काढतं. आपल्याकडे तो वाचतात तो कमाल तापमानासाठी, आणि बडोद्यापुरतं ते बरोबरच आहे. किनाऱ्यासाठी मात्र त्या आकड्यावर जाऊ नका. मैदानात ४० अंशांखाली उष्णतेच्या लाटेचा विचारही होत नाही. किनाऱ्यावर पारा ३७ ला पोचला आणि नेहमीपेक्षा साडेचार अंश वर असला, की लाट धरतात. कोकणाला ‘उष्ण व दमट’ हवेचा पिवळा इशारा आला की आपण बडोदेकर हसतो; चौतीस-पस्तीस म्हणजे आपल्याकडे बरा दिवस. माझं हे हसू गुहागरला पहिल्याच रात्री आटोपलं.

दिवसा तक्रार नाही. अकरा-साडेअकराला समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपार निभावते. कधी पूर्वेकडचा कोरडा वारा जोर धरतो, मग समुद्राचा वारा उशिरा येतो आणि तोवर पारा चढतो. १४ एप्रिल १९५२ ला मुंबईत सांताक्रूझला ४२.२ झालं होतं, तेही समुद्राच्या इतक्या जवळ. असे दिवस मार्च-एप्रिलमध्ये जास्त, मेमध्ये कमी.

माझं भांडण रात्रीशी आहे. सूर्य बुडाला की जमीन निवते, समुद्राकडून येणारा वारा ढिला पडतो आणि जमिनीवरून उलटा सुटायला हवा तो नावापुरताच सुटतो. गुहागरची घरं वाडीत, माडा-पोफळींच्या आत. समुद्र दोनशे पावलांवर, लाटांचा आवाज उशाशी, आणि पोफळीचं पान हलत नाही. आठ ते पहाटे दोन हा वेळ मी चारही खेपांना जागून काढलाय. पंखा तीच ओली हवा फिरवतो. गुजरातीत याला ‘बफारो’ म्हणतात. आमच्या घरात मराठी बोलतानाही तोच शब्द येतो, कारण ‘उकाडा’ त्यापुढे फारच सभ्य वाटतो. बडोद्यात ४२ ला घाम येतो आणि वाळतो. इथे २६ ला येतो आणि राहतो. तिसऱ्या दिवशी मुलाच्या पाठीवर घामोळं, मिठाच्या बरणीत पाणी, आणि आदल्या संध्याकाळी दोरीवर टाकलेला टॉवेल सकाळी हाताला थंड, कुबट.

दीवला किमान तापमान पाहाल तर जवळपास तेवढंच, आर्द्रताही कमी नाही. म्हणून ॲपवर दोन्ही गावं शेजारी ठेवली तर फरक दिसणार नाही. तो वाऱ्याच्या रकान्यात आहे. मेमध्ये वायव्य भारत तापून तिथे हवेचा दाब उतरतो आणि अरबी समुद्रावरचा वारा सौराष्ट्र ओलांडून तिकडे ओढला जातो. हा नुसता दिवस-रात्रीचा खेळ नव्हे, त्यामुळे रात्रीही तो थांबत नाही. दीवच्या नागवा किनाऱ्याजवळ आम्ही गच्चीवर झोपलो आणि पहाटे चादर ओढून घ्यावी लागली. टॉवेलला दोन चिमटे लावले नाहीत तर तो पलीकडच्या होक्याच्या, म्हणजे तिथल्या ताडासारख्या झाडावर सापडतो. माझ्याकडे यंत्र नाही, पण टॉवेल दोन्हीकडे एकच होता.

या वाऱ्याचा जाच आहेच. संध्याकाळी किनाऱ्यावर भेळ खाल्ली तर अर्धी वाळू. मे सरत आला की समुद्र खवळतो, पोरांना पोहायचं असेल तर हिरमोड होतो. गुहागरचा किनारा चालायला कितीतरी सुंदर, आणि तिथल्या वाडीतल्या सावलीला दीवकडे उत्तर नाही. आंब्याचंही वेळापत्रक पाहा: एप्रिलमध्ये हापूस कोकणात, गीरमधल्या तलालाच्या बाजारात केसर एप्रिलअखेर किंवा मेच्या सुरुवातीला येऊ लागतो, आणि तलाला दीवच्या वाटेवर पडत नसला तरी फार लांबही नाही.

पावसाचा हिशोब दोघांनाही लागू. कोकणात मेच्या उत्तरार्धात वळीव धरूनच चला. २०२५ मध्ये तर मोसमी पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला, एरवीची तारीख ११ जून. दीवला पाऊस सहसा जूनच्या मध्याकडे येतो, पण वादळ कुणाला चुकत नाही. १७ मे २०२१ च्या रात्री ‘तौक्ते’ दीव आणि उना यांच्या मधेच धडकलं होतं. निघण्याआधी चार दिवस हवामान खात्याचं अरबी समुद्राचं पत्रक बघायचंच, मग कुठेही जा.

तेव्हा एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात सुटी मिळत असेल, सोबत म्हातारं माणूस असेल आणि घरात एसी असेल, तर गुहागर बिनधास्त घ्या. रात्री तेव्हा जरा सुसह्य असतात. सुटी मेचीच असेल आणि तुम्ही माझ्यासारखे कच्च्या झोपेचे असाल, तर एकदा दीव करून पाहायला हरकत नसावी, इतकंच म्हणतो.

आम्ही गुहागरला आता दिवाळीनंतर जातो. मामेभाऊ फोनवर टोमणा मारतो, “आंबे असताना येत नाहीस, थंडीत बरा उगवतोस.” पेटी मात्र दरवर्षी न चुकता पाठवतो.